मळीचं पाणी

परवा रात्री जेवण आटोपून बसलो होतो, तेवढ्यात लासुर्ण्याहून धाकट्याचा फोन आला. (धाकटा म्हणजे चुलत भाऊ. त्याची मुलं आता कॉलेजात जातात, पण घरात तो अजून धाकटाच.) इकडची तिकडची चौकशी झाल्यावर म्हणाला, "दादा, एक विचारायचं होतं. पाण्याचं." त्याचा आवाज थोडा खाली आला तेव्हाच मला अंदाज आला.

झालंय असं, की एका उद्योगाकडून आमच्या शिवारातल्या आठ-दहा जणांना विचारणा आली आहे. प्रक्रिया केलेलं सांडपाणी शेतीला देणार. पाइपलाइन त्यांची, मोटर त्यांची, वीजबिल त्यांचं. पाणीपट्टी नाही. पाणी बाराही महिने. आपण फक्त एका संमतीपत्रावर सही करायची, तीही पंधरा दिवसांत. ओढ्याकडच्या तुकड्याच्या सातबाऱ्यावर माझंही नाव आहे, म्हणून त्याने फोन केला. "तू म्हणशील तसं करू. पण दादा, कालव्याची पाळी कधी येते आणि कधी जाते ते तुला तिकडं पुण्यात बसून कळत नाही, एवढं ध्यानात घे."

बरोबर बोलला. मी म्हटलं, दोन-चार दिवस दे.

आमच्या घरात या विषयावर एकदा भांडण होऊन वाटण्या झालेल्या आहेत, त्यामुळे फोनवर हो किंवा नाही म्हणून मोकळं होता येईना. म्हणून इथे लिहितोय. आत्या, काकू, मुलं, सगळे हे पान वाचतात हे मला ठाऊक आहे. बाकीच्या ब्लॉगकर मित्रांना हे थोडं घरगुती वाटेल, पण सांभाळून घ्या. गोष्ट आमच्या एका तुकड्याची असली तरी तिची सुरुवात दीडशे वर्षांमागे होते.

लासुर्णे बारामती-इंदापूर रस्त्यावर आहे, इंदापूर तालुक्यात. या रस्त्याने गेलेल्यांना दोन्ही बाजूंना ऊस दिसतो आणि हा मुलूख मूळचा पाण्याचाच असावा असं वाटतं. तसं अजिबात नाही. सह्याद्रीवर पडून उरलेला पाऊस आमच्यापर्यंत येतो. वर्षाला जेमतेम पाचशे मिलिमीटर, कित्येक वर्षं त्याहूनही कमी. १८७६ ते ७८ च्या मोठ्या दुष्काळात इंग्रज सरकारने लोकांना काम द्यायचं म्हणून जी बांधकामं काढली, त्यांतलं एक नीरा डावा कालवा. १८८५ मध्ये त्यातून पाणी सुटलं. त्याला पाणी पुरवणारं भाटघरचं पहिलं धरण १८९२ मध्ये पुरं झालं आणि त्याच्या जागी मोठं धरण १९२८ मध्ये उभं राहिलं. कालवा सुमारे दीडशे किलोमीटर जातो आणि आम्ही त्याच्या शेपटाकडच्या अंगाला. शेपटाकडे असण्याचा अर्थ कालव्यावरच्या माणसाला सांगावा लागत नाही. बाकीच्यांसाठी एवढंच, की आपली पाळी आहे असं पाटकरी सांगून जातो आणि पाणी मात्र वरच्या गावातच मुरतं.

कालवा आला तो ज्वारीला, दुष्काळात पीक वाचावं म्हणून. पण पाण्याने पैसा कसा करायचा हे ज्यांना कळत होतं ते ऊस लावू लागले. सासवडकडची माळी मंडळी या कामात फार पुढे होती. याच मंडळींनी पुढे १९३२ मध्ये माळशिरस तालुक्यात माळीनगरचा साखर कारखाना उभा केला. पाणी कुणाला, किती आणि कोणत्या पिकाला द्यायचं याचा घोळ तेव्हापासूनचा. तो सोडवायला विश्वेश्वरय्यांनी ब्लॉक पद्धत सुचवली. त्यांनी आमच्या भागात नोकरी केली होती हे गावात अजून अभिमानाने सांगतात.

पाणी आलं त्याच्याबरोबर दुसरंही काही वर आलं. आमची जमीन काळी, चिकण, खोल. तिच्याखाली मुरूम. वरून भरपूर पाणी दिलं आणि खाली ते वाहून जायला वाट नसली, की जमिनीतली पाण्याची पातळी वर सरकते. उन्हाने वरचं पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात. मग एके दिवशी वाफ्याच्या काठावर पांढरी बुरशी धरावी तसं दिसायला लागतं. "मीठ फुटलं" म्हणतात आमच्याकडे. कालवा सुरू होऊन पंचवीस वर्षं होतात न होतात तोच हे इतकं वाढलं, की पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्राचार्य हॅरल्ड मान आणि त्यांचे सहकारी व्ही. ए. ताम्हणे यांनी नीरा खोऱ्यातल्या खाऱ्या जमिनींवर एक पुस्तिका लिहिली. साल १९१०. म्हणजे आमच्या जमिनीचं दुखणं काय आहे, हे माझे आजोबा जन्मायच्या आधी छापून झालं होतं. पुढे १९१६ मध्ये मुंबई सरकारने पाटबंधाऱ्यांच्या अभ्यासासाठी खास विभाग काढला. (आज खडकवासल्याला असलेलं केंद्रीय जल संशोधन केंद्र हे त्याचंच वाढलेलं रूप.) तिथले इंग्लिस साहेब याच कालव्यांच्या टापूत चर खणून बघत होते. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की निचऱ्याचा चर काळ्या मातीत खणून उपयोग नाही, तो खालच्या मुरमाला भिडला पाहिजे, कारण पाणी सरकतं ते मुरमातून.

हे लिहिताना मला राहून राहून आमच्या पणजोबांची आठवण होते. मी त्यांना पाहिलेलं नाही. इंग्लिस साहेबाचं नाव त्यांनी ऐकलं असणं शक्य नाही. पण ओढ्याकडच्या तुकड्याच्या खालच्या अंगाला त्यांनी एक चर खणला होता, पुरुषभर खोल, थेट मुरमापर्यंत, आणि तो ओढ्याला नेऊन सोडला होता. दरवर्षी वैशाखात तो साफ करायचा हा घरचा नियम. आत्या लहानपणी त्या चरात खेकडे धरायची. या चराची गोष्ट पुढे येणार आहे, लक्षात ठेवा.

१९३२ मध्ये सरकारने देशी साखरधंद्याला जकातीचं संरक्षण दिलं आणि भराभर कारखाने निघाले. वालचंद हिराचंदांचा वालचंदनगरचा कारखाना त्याच काळातला. स्वातंत्र्यानंतर प्रवरेच्या पाठोपाठ सहकारी कारखाने आले. माळेगाव, भवानीनगर, सोमेश्वर ही नावं आमच्याकडे आडनावांसारखी घेतली जातात. या कारखान्यांनी माणसं शिकवली, रस्ते केले, कर्जं फेडली, हे मान्य केल्याशिवाय पुढचं लिहिणं कृतघ्नपणाचं होईल. माझी कॉलेजची फी उसाच्या बिलातून गेली आहे.

पण साखर कारखाना म्हणजे उसातलं पाणी बाहेर काढण्याचं यंत्र, हे कुणी नीट सांगत नाही. उसाच्या वजनात साधारण सत्तर टक्के पाणी. शिवाय गाळपाची यंत्रं गार ठेवायला, फरशा धुवायला पाणी लागतं. रस आटवायच्या भांड्यांना आतून चिवट थर बसतो. तो काढायला कॉस्टिक सोडा घालून उकळतात, तेही पाणी शेवटी त्याच गटारात. त्यात सांडलेला रस, तेल, वंगण. कॉस्टिक सोडा म्हणजे सोडियम, एवढं इथे डोक्यात ठेवा.

किती पाणी असेल? पुढे १९९०नंतर जे प्रमाण ठरवून दिलं गेलं ते होतं एक टन उसामागे चारशे लिटर. जुने कारखाने यापेक्षा जास्तच सोडायचे. तरी चारशेच धरू. रोज अडीच हजार टन गाळणारा कारखाना म्हणजे दिवसाला दहा लाख लिटर. एक हेक्टर रानात दहा सेंटिमीटर पाणी उभं करायला बरोबर तेवढंच लागतं. म्हणजे रोज एका हेक्टराची एक भरगच्च पाळी, गाळप चालू असेपर्यंत, न मागता. ज्याच्या रानापर्यंत कालव्याचं पाणी पोचत नाही, त्याच्या कानाला हा हिशोब कसा लागत असेल बघा.

१९७२ साली आजोबांच्या कानाला तो असाच लागला. पाऊस नाही, कालव्याला पाणी नाही, गुरं छावणीत, माणसं खडी फोडायला. आणि आमच्या पट्ट्यातल्या एका कारखान्याचं (नाव लिहीत नाही, आणि कुणी ओळखायच्या भानगडीतही पडू नये) काळपट पाणी ओढ्याने वाहत येत होतं. आजोबांनी ओढ्यात बांध घातला, इंजिन बसवलं आणि पाणी ज्वारीवर घेतलं. अण्णा, म्हणजे माझे वडील, तेव्हा तिशीत. ते म्हणाले, तात्या, वास तरी बघा याचा. आजोबांचं उत्तर घरात म्हणीसारखं झालं आहे: "आरं, पानी ते पानी."

त्यांचं चुकलं असं मला आजही म्हणवत नाही. त्या वर्षी आमच्या घरात ज्वारी होती. शेजारच्या दोन घरांना आजी पायलीने धान्य देत होती. त्या भाकरीला वास यायचा का, यावर आत्या आणि अण्णा यांचं शेवटपर्यंत जमलं नाही. आत्या म्हणते यायचा, अण्णा म्हणायचे मनाचे खेळ. माझं मत अण्णांच्या बाजूने. रसाची साखर आणि घाण जमिनीतच कुजते, ती दाण्यात चढत नाही. उलट पहिली तीन-चार वर्षं त्या तुकड्यात असं पीक आलं, की बघायला लोक यायचे. सांडपाण्यात खत असतं हे खोटं नाही. सगळा घोटाळा तिथेच होतो. पहिली वर्षं चांगली जातात.

दुष्काळ संपला, पण बांध राहिला. ज्वारीच्या जागी ऊस आला. आणि १९८० च्या आगेमागे आजोबा आणि थोरले काका यांनी पणजोबांचा चर बुजवला. कारण अगदी साधं: चरामुळे उसाच्या चार सऱ्या कमी बसत होत्या. अण्णा तेव्हा नोकरीला बाहेरगावी होते. त्यांनी पत्रातून विरोध केला असं ते सांगायचे. आई म्हणते तसं पत्र काही तिने पाहिलं नाही.

त्यानंतर सहा-सात वर्षांत रान बदललं. पांढरं मीठ फुटलं असतं तर लवकर कळलं असतं. इथे दुसराच प्रकार झाला. जमीन चोपण झाली. चिकणमातीच्या कणांना कॅल्शियम धरून ठेवतं, त्यांच्यात फटी राहतात, त्यातून पाणी आणि हवा खेळते. पाण्यातून सतत सोडियम आलं, की ते कॅल्शियमला हुसकून त्याची जागा घेतं. मग कण एकमेकांपासून सुटतात, फटी बुजतात. पाणी घातलं की आठवडाभर तळं, सुकलं की वीट. नांगर लावला तर ढेकळं काचेसारखी चकचकीत. ऊस गुडघ्याएवढा होऊन पिवळा पडायचा. आजोबा दर संध्याकाळी त्या बांधावर जाऊन बसायचे. कुणाशी बोलायचे नाहीत.

आता इथे कारखान्याला शिव्या देऊन मोकळं होता येईल. मीही तरुणपणी दिल्या. प्रक्रिया न करता पाणी ओढ्यात सोडणं हा तेव्हाही गुन्हाच होता. महाराष्ट्राने जलप्रदूषणाचा कायदा १९६९ मध्येच केला होता, १९७० मध्ये मंडळ स्थापन झालं, आणि केंद्राचा कायदा १९७४ मध्ये आला. पण चर आम्ही बुजवला. तो असता तर पावसाळ्यात गोड्या पाण्याने निदान काही क्षार धुऊन मुरमातून ओढ्याला गेले असते. पाणी आत घ्यायची घाई सगळ्यांना होती, ते बाहेर कुठून जाईल हे बघणारा शेवटचा माणूस पणजोबा.

एवढ्यावर भागलं असतं तर घर फुटलं नसतं. १९९६ च्या सुमारास टँकर यायला लागले. हे पाणी कारखान्याच्या गटाराचं नव्हे, डिस्टिलरीचं. साखर काढून उरलेली मळी आंबवून तिचा अल्कोहोल काढतात, आणि एक लिटर अल्कोहोलमागे दहा-पंधरा लिटर गडद तांबूस-काळं पाणी उरतं. त्याला स्पेंटवॉश म्हणतात, गावात नुसतंच "मळीचं पाणी". कच्चं असताना लिंबासारखं आंबट, आणि त्याचा बीओडी लिटरला चाळीस-पन्नास हजार मिलिग्रॅम. (बीओडी म्हणजे पाण्यातली घाण कुजताना किती प्राणवायू खाईल त्याचं माप. नदीत सोडायला परवानगी तीसची, जमिनीवर शंभरची. यावरून ओळखा.) आधी बंद टाकीत कुजवून त्याचा गॅस काढला तर हा आकडा खूप खाली येतो, पण रंग आणि क्षार जसेच्या तसे राहतात.

मग लोक हे घेतात का? कारण त्यात पोटॅश असतं, साधारण शंभरात एक भाग. दहा हजार लिटरच्या एका टँकरमधून शंभर किलोच्या आसपास पोटॅश येतं, म्हणजे बाजारातल्या पोटॅशच्या तीन गोण्यांहून जास्त. तेही फुकट, आणि टँकरवाला बांधावर आणून ओततो. एकरी एक टँकर, पेरणीआधी, नांगरून ठेवलेल्या कोरड्या रानात, पुढे भरपूर गोडं पाणी देऊन, असं केलं तर ते खत आहे. हे मी मनाने लिहीत नाही, पुढे परवानगीचे नियम झाले ते याच धर्तीवर. पण टँकरवाल्याला रिकामं होऊन परत जायची घाई आणि काकांना वाटलं चोपण रान यानेच सुधारेल. एका हंगामात त्या तुकड्यात किती टँकर ओतले गेले याचा हिशोब कुणी ठेवला नाही.

दुसऱ्या उन्हाळ्यात विहिरीचं पाणी चहासारखं झालं.

त्या विहिरीवर प्यायचं पाणी होतं, गुरांचं होतं, आजीची मेथी आणि वांगी होती. अण्णा गावी आले, बादली काढून अंगणात काकांच्या समोर ठेवली आणि काहीच बोलले नाहीत. त्या बादलीनंतर सहा महिन्यांत वाटण्या झाल्या. काकूंना हे वाचून वाईट वाटेल, पण काकू, मी काकांना दोष द्यायला लिहीत नाही. ते रान सुधारायलाच धडपडत होते.

आता आपल्या अंगणातून थोडं बाहेर पडू, कारण मळी जिथे जिथे आहे तिथे हा प्रश्न आहे. ब्राझीलने १९७५ मध्ये उसापासून मोटारीचं इंधन बनवायचा मोठा कार्यक्रम काढला, आणि नद्या काळ्या पडायला लागल्यावर १९७८ मध्ये हे पाणी नदीत सोडायला बंदी केली. मग ते सगळं उसाच्या रानात जायला लागलं. तिथल्या साओ पाउलो राज्याने पुढे, २००५-०६ च्या सुमारास, एक नियम केला तो मला फार आवडतो. किती पाणी द्यायचं हे पाण्यावरून ठरवायचंच नाही, मातीवरून ठरवायचं. मातीची कॅल्शियम, पोटॅशसारखी द्रव्यं धरून ठेवायची जी ताकद असते, तिच्यातला पाच टक्क्यांचा वाटा पोटॅशने व्यापला, की त्या रानाला पुढे पीक जेवढं पोटॅश उचलेल तेवढंच. त्याच्यावर एक थेंब नाही. म्हणजे दर रानाचा वेगळा हिशोब, आणि तो मातीच्या तपासणीशिवाय मांडताच येत नाही.

इस्रायलचं उदाहरण आपल्याकडे ठिबकवाले नेहमी देतात. तो देश सांडपाण्याचा नव्वद टक्क्यांच्या जवळपास हिस्सा शेतीला वापरतो हे खरं, पण ते मुख्यतः घरांचं सांडपाणी. आणि तिथेही साबणाच्या पावडरीतलं बोरॉन झाडांना बाधायला लागलं, तेव्हा त्यांनी १९९० च्या दशकाच्या अखेरीस पावडर बनवणाऱ्यांवरच बोरॉनचं बंधन घातलं. शुद्धीकरणात निघत नाही ते मुळात पाण्यात जाऊच द्यायचं नाही.

आणि जपान. तोयामा भागात जिन्झू नदीच्या पाण्यावर भात पिकायचा, आणि नदीच्या वरच्या अंगाला जस्ताची खाण होती. खाणीच्या पाण्यातलं कॅडमियम भातखाचरात उतरलं, तिथून तांदळात, तिथून बायकांच्या हाडांत. दुखण्याने माणसं किंचाळायची म्हणून रोगाचं नावच "दुखतं-दुखतं" असं पडलं. १९६८ मध्ये सरकारने कारण मान्य केलं. मग आठशे हेक्टरांहून जास्त जमिनीतल्या मातीची दुरुस्ती सुरू झाली ती २०१२ पर्यंत, तब्बल तेहतीस वर्षं. धाकट्या, हे तुझ्यासाठी मुद्दाम लिहिलं. आपलं मळीचं पाणी निदान प्रामाणिक होतं. वास मारायचं, रंग दाखवायचं. धातूचं पाणी नितळ असतं, आणि पालेभाजीही हिरवीगार येते.

आपल्याकडे नियम नाहीत असं नाही. २००३ मध्ये केंद्राने उद्योगांबरोबर मिळून एक सनद केली, तिच्यात डिस्टिलऱ्यांनी पाणी बाहेर सोडायचंच नाही, कंपोस्ट करा किंवा मोजून शेतीला द्या असं ठरलं. पुढे मोजून देण्यावरचा विश्वासही उडाला, आणि आता नव्या प्रकल्पांत हे पाणी आटवून बॉयलरमध्ये जाळतात. पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉलचं उद्दिष्ट २०२५ मध्ये गाठलं गेलं, तेव्हा जाळलं नसतं तर ते कुठे ओतलं गेलं असतं हा विचारही नको. साखर कारखान्यांसाठी २०१६ मध्ये नवे नियम आले, टनामागे चारशेचे दोनशे लिटर झाले, आणि कोणत्या मातीला दिवसाला किती पाणी द्यायचं याचा तक्ताही आला. वाळूच्या जमिनीला सगळ्यात जास्त. चिकणमातीला, म्हणजे आपल्याला, सगळ्यात कमी.

पण नियमात बसणारं पाणी म्हणजे काय, तेही बघू. विरघळलेल्या क्षारांची मर्यादा आहे लिटरला २१०० मिलिग्रॅम. समजा उद्योगाने अगदी इमानदारीत ही मर्यादा पाळली. एक हेक्टरला दहा सेंटिमीटरची एक पाळी म्हणजे दहा लाख लिटर, आणि त्यातून रानात आले दोन टन शंभर किलो क्षार. वर्षाला दहा पाळ्या दिल्या तर एकवीस टन. कागदोपत्री सगळं बरोबर, सगळे शिक्के जागेवर. पीक त्यातलं थोडंसंच उचलतं. बाकीचे क्षार धुऊन खाली गेले पाहिजेत, आणि खालून ओढ्याला. मी हा हिशोब तीनदा करून पाहिला, कारण माझाच विश्वास बसेना.

चोपण रान परत येत नाही असं मात्र नाही. जिप्सम टाकलं, की त्यातलं कॅल्शियम सोडियमला बाहेर काढतं. ताग, धैंचा गाडले की माती मोकळी होते. पण बाहेर काढलेलं सोडियम वाहून जायला खाली वाट हवी, नाहीतर जिप्समचे पैसे मातीतच. शिरोळकडे दत्त कारखान्याने पुढाकार घेऊन क्षारपड जमिनींत छिद्रं पाडलेल्या नळ्या गाडल्या आणि रानं पुन्हा पिकती केली. म्हणजे शेवटी चरच, फक्त प्लॅस्टिकचा आणि जमिनीखालचा. सांगलीजवळ कसबे डिग्रजच्या संशोधन केंद्रात याच विषयावर काम चालतं. आणि आपल्या अगदी जवळ, बारामतीच्या माळेगाव खुर्दला, २००९ मध्ये केंद्र सरकारने दुष्काळ आणि क्षार असल्याच दुखण्यांवर संशोधन करणारी संस्था काढली. नीरा खोऱ्यावरच्या त्या पहिल्या पुस्तिकेला तेव्हा नव्याण्णव वर्षं झाली होती.

ओढ्याकडचा तुकडा आज अर्धा पिकतो. वरच्या अंगाला धाकट्याने डाळिंब लावलंय, ते बरं आहे. खालचा अर्धा वेड्या बाभळींचा. विहीर निवळली आहे, पण कुणी पीत नाही.

तर धाकट्या, अजून हो म्हणत नाही, नाही असंही म्हणत नाही. पाणी नसताना काय होतं ते तू बघतोस, मी नाही. पण सही करायच्या आधी त्यांच्याकडून एक कागद मागून घे. पाण्याची तपासणी त्यांच्या टाकीजवळची नको, पाइपाच्या तोंडाशी घेतलेली हवी. त्यात नुसता बीओडी नको. सोडियम, क्लोराइड, एकूण क्षार आणि धातू हवेत. त्यांच्या कारखान्यात काय बनतं आणि धुवायला काय वापरतात, हेही लिहून हवं. आणि करारात पाणी नको झालं तर बंद करायचा कॉक आपल्या बांधावर, आपल्या ताब्यात हवा. हे द्यायला ते तयार नसतील तर विषय तिथेच मिटला.

मी रविवारी सकाळच्या गाडीने येतोय. फूटभर, दोन फूट आणि तीन फूट अशा तीन खोलींवरची माती काढायची आहे, वरच्या अर्ध्यातली वेगळी आणि बाभळीतली वेगळी. सोमवारी ती बारामतीला कृषी विज्ञान केंद्रात तपासायला टाकू. स्वच्छ पिशव्या, विहिरीच्या पाण्यासाठी दोन धुतलेल्या बाटल्या, टिकाव आणि फावडं तयार ठेव. बाभळी तोडायला दोन माणसं सांग. आणि आत्याला शनिवारीच घरी घेऊन ये. चर नेमका कुठून जात होता ते आता फक्त तिलाच आठवतं.